पोराला पहिली गिटार घेताय? आधी तारेची उंची बघा, मग रंग

वेळापूर : परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की घरोघरी एक मागणी ठरलेली असते, "मला गिटार पाहिजे." मोबाईलवर बघून पोरं शिकायला तयार असतात. आई-बाप उसाच्या बिलातून चार पैसे बाजूला काढतात आणि ऑनलाइन फोटो बघून, रंग आवडला म्हणून गिटार मागवतात. महिनाभरात पोराची बोटं सोलतात आणि गिटार खुंटीला जाते. घरातले म्हणतात, "ह्याला कानच नाही." पण बऱ्याच वेळा दोष पोराचा नसतो, गिटारीचा असतो. म्हणून पैसे देण्याआधी काय बघायचं, ते समजून घेऊ.

तारवाद्य आपल्याला परकं नाही

माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते. दिंडीत वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा आपण लहानपणापासून बघतो. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून जातात. गिटार बाहेरून आली असली तरी लाकूड, तार आणि सूर यांचं गणित तेच आहे.

नायलॉन की स्टीलची तार?

नायलॉन तारेची गिटार बोटाला मऊ लागते, आवाज गोड आणि जरा बारका. तिची मान रुंद असते. स्टील तारेची आवाजाला मोठी. सिनेमाची गाणी बहुतेक पोरं हिच्यावरच वाजवतात, पण पहिले तीन-चार आठवडे बोटं दुखतात. लहान पोराला नायलॉन, मोठ्याला स्टील असं साधारण धरा. नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा कधीच लावू नका. त्यांचा ताण जास्त असतो, तारा जिथं अडकवतात तो ब्रिज उखडून येतो.

इलेक्ट्रिक गिटारला वेगळा स्पीकर लागतो, खर्च वाढतो. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

माप किती?

दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या पोरांना ३६ इंची किंवा त्याहून लहान गिटार. त्यापुढे ३८ ते ४० इंची. उंचापुऱ्या पोराला ४१ इंची चालते. मांडीवर घेऊन बसल्यावर उजवा खांदा वर उचलावा लागत असेल, तर ती गिटार मोठी आहे.

कंपासमधली पट्टी सोबत न्या

सगळ्यात महत्त्वाचं हेच. मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. डोक्याकडून मोजत बाराव्या फ्रेटवर या. तिथं फ्रेट आणि जाड तार यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजा. स्टीलच्या गिटारीत दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर उत्तम. नायलॉनला थोडं जास्त चालतं. स्टीलला तीनच्या वर असेल तर तार दाबायला जोर लागतो आणि पोरगं कंटाळतं.

मग आणखी तीन गोष्टी बघा :

- प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. खरखर आली तर मान वाकडी किंवा फ्रेट वर-खाली आहेत.
- तार मोकळी वाजवा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. पेटीवरचा सा आणि वरचा सा जसा जुळतो तसं जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर ती गिटार कधीच सुरात लागणार नाही.
- ब्रिज लाकडापासून सुटत नाही ना, हे बाजूनं डोळा लावून बघा. जुनी गिटार घेताना हे आधी बघा.

पैसे किती घालायचे?

अडीच-तीन हजारांत गिटार मिळते, पण त्यात नग बघूनच घ्यावा लागतो. पाच ते आठ हजारांत बऱ्यापैकी भरवशाची मिळते. सगळे पैसे गिटारीतच घालू नका. पिशवी, तारांचा एक जादा सेट आणि दोन-तीन पिक यासाठी थोडे ठेवा. प्लायवूडची गिटार म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. शिकाऊ हातासाठी ती चांगली, आणि आपल्या उन्हाला जास्त टिकते.

ऑनलाइन घेतली तर परत करण्याची मुदत आधी वाचा. मुदत संपायच्या आत एखाद्या वाजवणाऱ्याला दाखवा.

सूर लावायला पेटी आहेच

गिटारटूनासारखं अॅप मोबाईलवर घेतलं की सूर लावता येतो. भजनी मंडळाची पेटी असेल तर तिच्यावरूनही जमतं. जाड तारेपासून क्रम असा : पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा पांढरी तीन, पण दोन सप्तकं वर. पहिल्यांदा अॅपवरच लावा, नाहीतर सप्तक चुकून तार तुटते.

गाणं काळी एकमध्ये असेल तर कॅपो नावाचा चिमटा पहिल्या फ्रेटवर लावा. पांढरी एकची बोटं तशीच ठेवायची, सूर काळी एकचा येतो.

पत्र्याखाली ठेवू नका

एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत गिटार ठेवली तर डिंक मऊ पडतो, ब्रिज उचलतो, मान वाकते. पिशवीत घालून घरातल्या थंड भिंतीला ठेवा. महिनाभर वाजवायची नसेल तर तारा थोड्या ढिल्या करा.

आणि घ्यायच्या आधी एक चौकशी करा, जवळपास शिकवणारं कोण आहे? कुणी असेल तर त्यांनाच दुकानात सोबत न्या. पोरालाही न्या. गिटार त्याच्या हातात बसली पाहिजे, फोटोत नाही.