रंगाच्या आधी पाणी शोधा
घरदुरुस्ती आपल्या हाताने : भाग ७

मागच्या भागात आपण भिंतीतल्या बारीक भेगा बुजवायला शिकलो. ती भिंत कोरडी असेल हे तेव्हा गृहीत धरले होते. कोल्हापुरात मात्र तेवढेच गृहीत धरून चालत नाही. इथे घरदुरुस्तीचा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्याला ओलीवर येतो. शिवाजी पेठेतला जुना वाडा असो, शाहूपुरीतले दुमजली घर असो की नागाळा पार्कातला फ्लॅट, तक्रार एकच असते : "दर वर्षी रंग देतोय, दर वर्षी पोपडे निघत्यात. पाणी कुठनं येतंय तेच कळंना." आजचा भाग या शेवटच्या वाक्यासाठी आहे. पाणी कुठून येते हे कळले की ओलीचे निम्मे काम झाले. ते न कळता केलेला खर्च वाया जातो, मग तो गवंड्याने केलेला असो की आपण स्वतः.

आपल्या उद्यमनगरात बंद पडलेले यंत्र आले तर कारागीर आधी ते उघडतो, बिघाड शोधतो आणि मगच हात लावतो. भिंतीलाही हाच नियम लावायला हवा. पुट्टी आणि रंग ही शेवटची कामे आहेत. आपण मात्र सुरुवातच त्यांच्यापासून करतो.

पाणी येण्याच्या चार वाटा

घरातली ओल चार वाटांनी येते आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

पहिली वाट जमिनीतून वर. भिंतीच्या तळाशी, साधारण तीन फुटांपर्यंत डाग असतो. वरची कड वेडीवाकडी असली तरी डाग भिंतभर आडवा पसरतो, आणि त्या कडेवर पांढरी पूड दिसते. हा लोणा. विटेत आणि गिलाव्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून पाणी वर चढते आणि येताना मातीतले क्षार घेऊन येते. पृष्ठभागावर पाणी हवेत उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून रेटतात आणि पोपडा सुटतो. रंगाचा डबा कितीही महाग असला तरी हा रेटा त्याला थोपवता येत नाही.

दुसरी वाट वरून खाली. छताला गोल डाग पडतो किंवा भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून ओघळ येतो. पाऊस वाढला की डाग वाढतो, उघडीप मिळाली की सुकतो. कारण गच्चीत, पन्हळीत किंवा कौलांत असते.

तिसरी वाट नळाची. हा डाग पावसाळ्याशी नाते ठेवत नाही. तो एप्रिलमध्येही ओलाच असतो आणि बहुधा न्हाणीघर, स्वयंपाकघरातले सिंक किंवा टाकीकडून येणारा पाईप यांच्या मागच्या भिंतीवर असतो.

चौथी वाट खोलीतल्याच हवेची. जुलै-ऑगस्टच्या झडीत खिडक्या बंद, दोरीवर ओले कपडे आणि चुलीवर उकळते भांडे. ती वाफ थंड भिंतीवर बसते. कपाटाच्या मागे आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. पावडरीचा लोणा मात्र दिसत नाही.

घरच्या घरी चार चाचण्या

यांतली कुठलीच चाचणी खर्चाची नाही.

फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा डागावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगावर दव असेल तर पाणी हवेतले आहे. आतल्या, भिंतीकडच्या अंगावर असेल तर ते भिंतीतून येते आहे.

नळाचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कुणी नळ सोडण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी पाईप गळतो आहे. मीटर नसेल किंवा पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर गच्चीतल्या टाकीच्या पातळीवर खूण करून हेच करता येते.

न्हाणीघराचा संशय असेल तर जाळी बंद करा, फरशीवर थोडे पाणी साठवून त्यात खाण्याचा रंग कालवा आणि खालच्या किंवा शेजारच्या भिंतीवर लक्ष ठेवा. डागात तो रंग उतरला तर शंका उरत नाही.

गच्चीसाठी हीच रीत, पण जपून. पाणी बाहेर जाण्याची तोंडे कापडाने बंद करा, इंचभर पाणी साठवा आणि एक दिवस ठेवा. इंचभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो वजन. पक्क्या स्लॅबला ते जड नाही. जुन्या, लाकडी तुळयांवरच्या माळवदावर मात्र ही चाचणी करू नका.

कोल्हापूरची जमीन, कोल्हापूरचे पाणी

आपल्याकडे पहिली वाट इतकी का आढळते, हे शहराच्या ठेवणीत आहे. जुन्या कोल्हापुरात तळी आणि तीर्थे होती, त्यांतली कित्येक बुजवली गेली. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचते ते उगीच नाही. अशा सखल जागांच्या आसपास जमिनीतले पाणी पावसाळ्यात वर येते आणि घरांच्या पायाला लागते. त्यात रस्त्यावर थरावर थर पडत जाऊन पेठांमधली कित्येक जोती आता रस्त्याच्या बरोबरीला आली आहेत. पूर्वी चार पायऱ्या चढून आत जायचे, आता एकच उरली, असे अनेक घरांत सांगतात. गेलेल्या त्या पायऱ्यांच्या उंचीइतकी ओल भिंतीत वर सरकली आहे.

काळा दगड स्वतः पाणी फारसे पीत नाही. दोन दगडांमधल्या दर्जा पितात. पन्हाळा-गगनबावड्याच्या बाजूचा जांभा सच्छिद्र असतो, तो पितो. आणि वीट तर पितेच. चांगल्या भाजलेल्या नेहमीच्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले, तरी भारतीय मानक तिला चालवून घेते. तीन किलोची वीट धरली तर सहाशे मिलिलिटर. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड भिंतीत हजारभर विटा असतात. म्हणजे पुरात पूर्ण बुडालेली एक भिंत सहाशे लिटरच्या घरात पाणी पोटात घेऊन उभी राहू शकते.

पूर ओसरल्यावरची घाई

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, शुक्रवार पेठ, दुधाळी, नागाळा पार्क, आणि शहराबाहेर चिखली-आंबेवाडी. या भागांतल्या घरांनी काय सोसले हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको.

पाणी ओसरले की चिखल काढून घर लवकर पूर्वीसारखे करावे, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. २०२१ मध्ये पूर जुलैच्या शेवटी आला आणि गणपती १० सप्टेंबरला बसले. देवाला ओल्या, डागाळलेल्या घरात कसे आणायचे, म्हणून अनेकांनी त्याआधीच पुट्टी आणि रंग उरकले. ज्यांनी धीर धरला त्यांनीही दिवाळीला काम केले. पण भिंत सणांच्या हिशोबाने वाळत नाही. एका बाजूने वाळणाऱ्या भिंतीला इंचाला सुमारे महिना लागतो, असा बांधकामातला ढोबळ ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी चार-पाच महिने हवेत. एका बाजूला शेजारच्या घराची भिंत चिकटलेली असेल, जे पेठांत नेहमीचेच आहे, तर आठ-नऊ महिने. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात हवाच दमट, तेव्हा वाळणे जवळजवळ थांबते. घाईत लावलेला प्लॅस्टिक पेंट त्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद करतो आणि पुढच्या मृगापर्यंत तो फुगून हातात येतो.

मग सणाला काय करावे? चुन्याची सफेदी. ती स्वस्त आहे, आपल्या हाताने होते, खोली उजळ करते, चुना बुरशीला वाढू देत नाही, आणि मुख्य म्हणजे सफेदीच्या थरातून भिंत वाळत राहते. पक्का रंग गुढीपाडव्याआधी देऊच नये. पूर येऊन गेलेल्या घरासाठी माझा सल्ला ठाम आहे : एक उन्हाळा जाऊ द्या.

पुरानंतरच्या भिंतीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि वायरिंग वायरमनकडून तपासून घ्या. हे काम आपल्या हाताने करायचे नाही.

जमिनीतली ओल : कामाचा क्रम

आधी बाहेर जा. भिंतीला टेकून मातीचा किंवा विटांचा ढीग आहे का, गटार तुंबले आहे का, गच्चीचा पाईप भिंतीच्या पायथ्याशीच पाणी सोडतो आहे का, ते पाहा. ढीग काढा, गटार मोकळे करा, पाईपला वाकण जोडून पाणी लांब न्या. बऱ्याच घरांत एवढ्यावरच डाग चढायचा थांबतो.

मग आत. डागाच्या कडेच्या वर फूटभर, अशा उंचीपर्यंत गिलावा छिन्नीने काढा. विटांमधल्या दर्जा अर्धा इंच खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत भरा आणि घराबाहेर टाका. भिंत धुऊ नका. धुतलेला लोणा पाण्याबरोबर परत आत जातो. आता भिंत उघडी ठेवा, पंखा लावा, खिडक्या उघडा. काही दिवसांनी पुन्हा पांढरे दिसेल, पुन्हा झाडा. लोणा येणे थांबेपर्यंत गिलावा करायचा नाही.

गिलावा कशाचा हे भिंतीच्या वयावर ठरते. भारतात पोर्टलँड सिमेंटचे कारखान्यातले नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्याआधीच्या वाड्यांच्या भिंती माती आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की पाण्याला बाहेर यायला जागा राहत नाही आणि तीन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते. तिथे चुन्याचाच गिलावा करा. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून विरवलेलाच चुना आणा, आणि तोही चष्मा व हातमोजे घालून हाताळा. सिमेंटमध्ये बांधलेल्या नव्या घरात एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाचा गिलावा चालतो. पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवा, उरलेल्यात पुन्हा पाणी घालून वापरू नका, आणि निदान सात दिवस पाणी मारा. तळाच्या भागात प्लास्टर ऑफ पॅरिस कधीच नको, ते ओलीने भुसभुशीत होते. ओल झाकायला टाइल्स लावणे हाही उपाय नव्हे. पाणी टाइल्सच्या वरून डोके काढते.

गच्चीचे काम मे महिन्यात

गच्चीतली गळती बहुतेक वेळा मधून नसते, कडेने असते. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातली मालाची गोलाई) फुटलेला असतो किंवा पाईपाच्या तोंडाभोवती फट असते. ती जागा खरवडून, साफ करून वाटा नव्याने मारा. भेग आधी इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करा, मग भरा. नुसती वरून लिंपलेली भेग पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. सगळे सुकल्यावर जलरोधक लेप दोन हातांत लावा, पहिला हात उभा, दुसरा आडवा. वळवाचा अंदाज पाहून कोरडे दोन-तीन दिवस निवडा.

जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र चढवू नका. चार इंच जाड कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जाते. हा भार स्लॅबने गृहीत धरलेला नसतो.

इथे हात थांबवा

छताचे किंवा तुळईचे काँक्रीट सुटून आतली सळई दिसू लागली असेल, सळईच्या रेषेत लांब भेग असेल, वाड्याची भिंत मधेच फुगली असेल किंवा लाकडी तुळईचे टोक दाबल्यावर आत जात असेल, तर ती दुरुस्ती आपली नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून माल थापला की ते दिसेनासे होते, थांबत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि तोवर त्या छताखाली कुणाला झोपवू नका.

पुढच्या भागात पावसाळ्यात फुगणारे लाकडी दरवाजे आणि त्यांवरचा रंधा. तोवर एक काम करा. घरातल्या प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि महिन्याने पुन्हा पाहा. डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर रंगाचे पैसे खिशातच राहू द्या आणि पाणी शोधायला लागा.