गच्चीवरचे आकाश (लेखांक ६) : गुरूवरची सावली

दिघीत आकाश उरलेच कुठे, असे म्हणण्याची आता सवय झाली आहे. एका बाजूला भोसरी एमआयडीसीचे दिवे, दुसऱ्या बाजूला आळंदी रस्त्याचे, आणि वर पिवळट उजेडाचे झाकण. दीर्घिका आणि तेजोमेघांपुरती ही तक्रार अगदी खरी आहे. त्यांच्यासाठी गाव सोडून काळोखात जावेच लागते. पण गुरूच्या चंद्रांच्या सावल्याही त्याच यादीत घातल्या जातात, ते चूक आहे. चंद्र सूर्य आणि गुरूच्या मध्ये आला की गुरूच्या ढगांवर त्याची काळी सावली पडते. तिथे ते खग्रास सूर्यग्रहणच असते. हा ठिपका ज्या पार्श्वभूमीवर दिसतो ती आपल्या आकाशाची नव्हे, गुरूच्या बिंबाची, आणि ते बिंब दिघीच्या उजळलेल्या आकाशापेक्षाही हजारो पटींनी तेजस्वी आहे. पौर्णिमेच्या रात्रीसुद्धा या ठिपक्याचे काही बिघडत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप वेगळा असतो. गुरूचा चंद्र आयो याची सावली साधारण १ विकला रुंद, म्हणजे गुरूच्या बिंबाचा जेमतेम चाळिसावा भाग. १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीची पृथक्करणक्षमता १.१६ विकला, मग ती दिसावी कशी? गणित बरोबर आहे, पण ते जवळजवळच्या दोन ताऱ्यांना वेगळे पाहण्याचे गणित आहे. उजळ पृष्ठावरची काळी खूण त्याहून बारीक असली तरी डोळ्याला जाणवते. शनीच्या कड्यांतली कॅसिनी फट पाऊण विकलेची असूनही छोट्या दुर्बिणींतून दिसते, ती याच कारणाने. गॅनिमिडची सावली तर आणखी मोठी असते.

खरा अडथळा उजेडाचा नाही, हवेचा आहे. संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर लावली की खाली दिवसभर तापलेला स्लॅब असतो. त्यातून उष्णता वर येत राहते आणि बिंबाच्या कडा वाहत्या पाण्याखालच्या नाण्यासारख्या हलतात. अशा वेळी दीडशे पट मोठे करून पाहिले तर फक्त थरथर मोठी होते. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवावी, जमल्यास गच्चीऐवजी मातीच्या किंवा गवताच्या जागेवर, आणि गुरू माथ्यावर येईपर्यंत थांबावे. हिवाळ्यातल्या निवांत रात्रींची पातळ धुरकट हवाही पुष्कळदा फायद्याची ठरते: गुरू थोडा मंदावतो, पण हलत नाही. शिवाय इथे अक्षांशाची मदत आहे, जिचा आपण पुरेसा विचार करत नाही. दिघी १८.६ अंश उत्तरेला आहे. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला मिथुनेतला गुरू मध्यरात्री इथल्या माथ्यापासून तीन-चार अंशांवरच होता. लंडनहून तोच साठेक अंश उंचीवर. माथ्यावर हवेचा थर सर्वांत पातळ असतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे १९४४ पासून हौशी निरीक्षणाची परंपरा आहे. तिच्या वाट्याला आलेली ही मोठीच देणगी आहे.

वेळा आधीच छापून येतात, मग पाहायचे कशाला, असेही विचारले जाते. वेळापत्रक आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकातूनच खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे ओळखले. त्याच्यासमोर आयोचीच ग्रहणे होती. प्रतियुतीआधी सावली चंद्राच्या पुढे चालते, नंतर मागे पडते, हे नेत्रिकेतून पाहिले की सूर्य कोणत्या बाजूला आहे ते कागदाशिवाय कळते.

वार लक्षात ठेवणे तर सोपेच आहे. आयो चार फेऱ्यांत ७ दिवस आणि जवळपास २ तास घेतो, युरोपा दोन फेऱ्यांत ७ दिवस अडीच तास, गॅनिमिड एकाच फेरीत ७ दिवस ४ तास. म्हणजे या शनिवारी रात्री आठला आयोची सावली बिंबावर शिरली, तर पुढच्या शनिवारी दहाच्या सुमारास ती पुन्हा शिरेल आणि पार व्हायला सव्वादोन तास घेईल. तोवर स्लॅबही निवलेला असेल.