विमान उलाळ होऊ नये म्हणून

बैलगाडीत मागे माल जास्त झाला, की गाडी उलाळ होते; पुढे जास्त झाला, की धुरजड. गाडीवान दोन पोती इकडची तिकडे करून ती समतोल करतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा यंत्रभाग मालमोटारीने मुंबईला जाऊन विमानात चढतो, तेव्हाही हाच विचार करावा लागतो.

प्रवासी विमानात प्रवाशांच्या पायांखाली मालाचा कप्पा असतो. मोठ्या विमानांसाठी माल आधी ॲल्युमिनियमच्या पेट्यांत भरतात. विमानाचे पोट गोलाकार, म्हणून अशा पुष्कळ पेट्यांचा खालचा कोपरा तिरपा असतो. प्रत्येक पेटीचे वजन करून मगच तिची जागा ठरवतात. वजनाला समतोलबिंदूपासूनच्या अंतराने गुणायचे. ४ मीटर मागे ६०० किलोची पेटी ठेवली, तर ६ मीटर पुढे ४०० किलोची हवी. दोन्ही गुणाकार २४००!

ठरलेल्या जागी पेट्या पक्क्या जखडतात. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्रामहून उडालेल्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये अवजड लष्करी वाहने पुरेशी जखडलेली नव्हती. उड्डाण होताच निदान एक वाहन मागे घसरले. त्याच्या धडकेने शेपटीकडील यंत्रणा मोडली, विमान ताब्यात राहिले नाही आणि आतील सातही जण मरण पावले.

आता तुम्ही पट्टी पेन्सिलीवर आडवी तोला. मध्यापासून ४ सेंटिमीटरवर सारखी तीन नाणी एकावर एक ठेवा. दुसऱ्या बाजूला तशीच दोन नाणी कोठे ठेवाल?