सीडी प्लेअर घेताना लेझरकडे पाहा

सोनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये ‘सीडीपी-१०१’ हा सीडी प्लेअर विक्रीला आणला. किंमत होती १ लाख ६८ हजार येन. सीडी तंत्राच्या जन्मात बरोबरीचा वाटा असलेल्या फिलिप्सचा ‘सीडी १००’ त्याच्या पाठोपाठ आला. सोनीच्या यंत्रात १६ बिटांचा डॅक, म्हणजे तबकडीवरच्या आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा भाग, होता, पण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच. फिलिप्सचे डॅक १४ बिटांचे. कागदावर फिलिप्स कमी पडत होते. मात्र त्यांच्या अभियंत्यांनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा मूळ वेग चौपट केला, आवाजातली खरखर कानाला ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलली आणि १४ बिटांकडून जवळपास १६ बिटांचे काम करून घेतले.

आज खोक्यावर ‘३२ बिट’ ठळक छापलेले असते. तबकडीवर मुळात सोळाच बिट आहेत.

मग महागड्या प्लेअरचा आवाज खरोखर वेगळा येतो का? मेयर आणि मोरान या अमेरिकी संशोधकांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे, एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवले आणि कोणते कोणते ते ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती. अशा तुलनेत आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवावी लागते. दुकानात ते होत नाही, आणि किंचित मोठा वाजणारा प्लेअर नेहमी ‘जास्त मोकळा’ वाटतो. दोन चांगल्या प्लेअरांच्या किमतीतला फरक स्पीकरवर खर्च करावा, असे म्हणायला यातून आधार मिळतो.

खरा फरक पडतो तो यांत्रिक भागात. वरचे झाकण काढले की हरभऱ्याच्या दाण्याएवढे, निळसर झाक असलेले भिंग दिसते. त्यातून जाणारा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण डोळ्यांना धोक्याचा, म्हणून हे बघायचे ते विजेची वायर काढूनच. तबकडीवरच्या सर्पिल रेषेच्या दोन वेढ्यांत अंतर असते १.६ मायक्रॉन. तबकडी डुलते, थोडी वाकडीही असते. भिंग क्षणोक्षणी वर-खाली आणि आजूबाजूला सरकत ती रेषा धरून ठेवते. वाचन आतून बाहेर जाते, त्यामुळे सुरुवातीला मिनिटाला साधारण ५०० फेरे असतात, कडेशी २००. डुलणे कडेला सर्वांत जास्त, म्हणून थकलेला लेझर आधी अडखळतो तो शेवटच्या गाण्यावर. प्लेअर तपासायचा तर सत्तर मिनिटांच्या आसपासची सीडी घालून थेट शेवटचा ट्रॅक लावावा.

सोबत एक ओरखडे पडलेली सीडीही न्यावी. चूक-दुरुस्तीची योजना रेषेवरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खाच पूर्ण भरून काढते. केंद्राकडून कडेकडे गेलेला ओरखडा त्यामुळे फारसा बाधत नाही. रेषेच्या दिशेने गेलेला घात करतो. पुसतानाही हात मधून बाहेर सरळ न्यायचा, गोल फिरवायचा नाही.

मराठी घरांत आणखी एक कसोटी लागते. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांत आटोपता घ्यावा लागणारा ख्याल सीडीवर सलग मावला, आणि खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे घरोघरी सीडी-आरवर उतरली. अशा घरी उतरवलेल्या तबकड्या प्रत्येक प्लेअर वाचेलच असे नाही. पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तबकडी तर नेहमीच्या सीडीपेक्षा कितीतरी कमी प्रकाश परत पाठवते. अनेक जुने प्लेअर ती वाचतच नाहीत. हा ठेवा ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या तबकड्या वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नव्यात मरँट्झ ‘सीडी६००७’ किंवा यामाहा ‘सीडी-एस३०३’ यांसारखी पूर्ण यंत्रे आहेत. केंब्रिज ऑडिओच्या ‘सीएक्ससी’ला डॅकच नाही, अँप्लिफायरमध्ये किंवा वेगळा डॅक असेल तरच तो घ्यावा. जुन्यात पिकअपचा, म्हणजे लेझर आणि भिंगाच्या जोडणीचा, क्रमांक आधी विचारावा. सोनीचा ‘केएसएस-२१३’ अनेक कंपन्यांनी वापरला, म्हणून त्याचे पर्यायी भाग मिळतात. फिलिप्सचा काचेच्या भिंगाचा ‘सीडीएम-१’ दणकट, पण बिघडला तर बदली शोधत फिरावे लागते. ट्रे अडकत असेल तर घाबरू नये. बहुधा रबरी पट्टा सैल पडलेला असतो आणि तो स्वस्तात बदलता येतो. जपानी बाजारासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे असते, आपल्या २३० व्होल्टला थेट जोडले तर जळते. मागच्या पाटीवर तो आकडा वाचावा आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरूनच सौदा करावा.