बुटावर सही, एकदम सही!

बास्केटबॉलचा नवा सिग्नेचर शू, म्हणजे खेळाडूच्या नावाचा बूट, आला रे आला की जगभरच्या स्नीकरवेड्यांचे दोन तट पडतात. एक गट म्हणतो, ‘फायर!’ दुसरा म्हणतो, ‘ब्रिक!’ आपल्या वर्ध्यात हाच निकाल जरा खुमासदार लागतो. ‘लय जबराट बे!’ किंवा मग, ‘काऊन बे, बाबाजीचे बूट घालून आला का?’

तर मंडळी, लेस घट्ट बांधा. वर्धा ते शिकागो, व्हाया कोल्हापूर, सुसाट निघू या!

सही खेळाडूची, पण विक्रेता कोण?

कॉन्व्हर्सचा ‘ऑल स्टार’ आला १९१७ मध्ये. घोट्यावरच्या गोल बिल्ल्यात सही आहे चक टेलरची. माहीत आहे का, हा गडी खेळाडू तर होताच, पण कंपनीचा सेल्समनही होता! गावोगाव जायचा, पोरांना बास्केटबॉल शिकवायचा आणि जाता जाता बूट खपवायचा. इन्फ्लुएन्सर हा धंदा इन्स्टाग्रामने शोधला, असं कुणी म्हणालं तर त्याला चकचा पत्ता द्या. आणि हो, हीच कॉन्व्हर्स २००३ मध्ये नाइकीने विकत घेतली.

चिखलातलं गोल्ड मेडल

ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पदकासाठी पहिल्यांदा खेळला गेला १९३६ साली, बर्लिनमध्ये. फायनल उघड्या मैदानावर, तीही धो धो पावसात! चेंडू टप्पा खाईना, चिखलात नुसता बसे. अमेरिकेने कॅनडाला हरवलं १९-८. एका टीमचा नाही हो, अख्ख्या मॅचचा स्कोअर!

आता खास विदर्भ बोनस. त्याच बर्लिनमध्ये, त्याच वर्षी, वर्ध्याच्या शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हुतूतू आणि इतर देशी खेळ दाखवून आलं होतं. काळ्या रानात वाढलेल्या आपल्या पोट्ट्यांना त्या चिखलाचं काय अप्रूप!

तीन मिलियनचा अंदाज, शंभराच्या वर गल्ला

एअर जॉर्डन १ दुकानात आला १९८५ मध्ये. किंमत ६५ डॉलर. कंपनीला वाटलं, तीन-चार वर्षांत तीस लाख डॉलरचा माल गेला तरी गंगेत घोडं न्हालं. झालं काय? पहिल्याच वर्षी विक्री १२ कोटी डॉलरच्या पुढे! आणि गंमत म्हणजे मायकल जॉर्डनला मुळात नाइकी नकोच होती. त्याचा जीव आदिदासवर!

बॅन? मग तर पाहिजेच!

जॉर्डनच्या लाल-काळ्या बुटांवरून एनबीए या अमेरिकी लीगने फेब्रुवारी १९८५ मध्ये नाइकीला पत्र लिहिलं. कंपनीने डोकं चालवलं आणि ‘लीगने बंदी घातलेला बूट’ अशी झकास जाहिरातच ठोकली. ट्विस्ट ऐका. स्नीकरचे इतिहासकार सांगतात, पत्रातला बूट बहुधा जॉर्डन १ नव्हताच, तो होता नाइकीचाच ‘एअर शिप’. म्हणजे कांड एकाचं, नाव दुसऱ्याचं! रंगांवरची ती बंधनं लीगने उठवली थेट २०१८ मध्ये.

नर्सबाईंचे बूट, तरी सोल्ड आउट

आता येऊ या रिॲक्शनच्या बादशहाकडे. जून २०१६. स्टेफ करीचा पांढराशुभ्र ‘करी टू लो शेफ’ झळकला आणि चाहत्यांनी सोलून काढला. नर्सचे बूट, आजोबांचे बूट, रिटायर्ड मास्तरांचे मॉर्निंग वॉकचे बूट… मीम्सचा पाऊस! आणि मग? बूट ठिकठिकाणी संपले. निंदकाचे घर असावे शेजारी, आणि त्याच्या हातात मोबाइलही असावा!

३२ हजारांचा हशा

२०१७ मध्ये बिग बॉलर ब्रँडने लॉन्झो बॉलचा पहिला बूट काढला. किंमत ४९५ डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ३२ हजार रुपये. लॉन्झो अजून एनबीएचा एक सामनाही खेळला नव्हता! चाहते खवळले. वडील लाव्हार बॉल मात्र खमके. परवडत नसेल तर तुम्ही ‘बिग बॉलर’ नाही, असं त्यांनी सुनावलं. दोनच वर्षांत लॉन्झोनेच ब्रँडला रामराम ठोकला.

उलटा किस्सा हवाय? २००६ मध्ये स्टेफॉन मार्बरीने स्वतःच्या नावाचा बूट विकला फक्त १४ डॉलर ९८ सेंटला. आणि तोच बूट घालून तो एनबीएत खेळला. याला म्हणतात दिलदार!

मिनिटभरात एक अब्ज गायब

फेब्रुवारी २०१९. ड्यूक विद्यापीठाचा धिप्पाड झायन विल्यमसन कोर्टवर उतरला. पहिलं मिनिटही उलटलं नव्हतं. गडी वळला आणि डाव्या पायातला नाइकीचा बूट टरकन फाटला! प्रेक्षकांत कोण? साक्षात बराक ओबामा. बूट फाटला, हे त्यांनीच बोट दाखवून शेजाऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाइकीचा शेअर सुमारे एक टक्का घसरला, म्हणजे बाजारमूल्यातून अब्जाहून जास्त डॉलर गुल! तरी झायनने नंतर करार केला तो नाइकीच्याच जॉर्डन ब्रँडशी.

ताई, तुमची सही?

बाईच्या नावाचा पहिला बास्केटबॉल बूट कधी आला, माहीत आहे का? १९९५ मध्ये, शेरिल स्वूप्सचा ‘एअर स्वूप्स’. म्हणजे जॉर्डननंतर चक्क दहा वर्षांनी! आपल्याकडे पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलं. ‘एअर लिमये’ कधी काढताय, कंपनीवाले?

मुंबईचा मालक

एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी टीम थेट वरळीच्या एनएससीआय डोममध्ये उतरवली. भारतातला एनबीएचा तो पहिला सामना. ओव्हरटाइमपर्यंत रंगला, आणि किंग्ज हरले एका पॉइंटने, १३२-१३१. घरच्या आहेराची ही अशी तऱ्हा!

खोका उघडताना

खरा भक्त बूट आधी पायात घालत नाही. आधी खोका. मग आतला पातळ कागद सरकवून नव्या रबराचा दीर्घ वास. मग बूट उलटा करून सोलची नागमोडी नक्षी, म्हणजे ‘हेरिंगबोन’. मग अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहणे. सुरकुती कुठे पडणार, याची चिंता लग्नाच्या मुहूर्तापेक्षा मोठी!

सिमेंटच्या कोर्टवर खेळता ना? मग टीप घ्या. लाकडी कोर्टसाठीचं मऊ रबर सिमेंटवर भराभर झिजतं. खेळाडू सोलवरून सारखा तळहात फिरवतात, तेही स्टाइल म्हणून नाही. धूळ बसली की ग्रिप गेली!

हिंगणघाट ते हाय-टॉप

कॅनव्हासचा बूट म्हणजे शेवटी कापूसच ना! वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या व्यापाऱ्यांना पाठ होतं ते इथल्या कापसामुळेच. बूट त्यांचा, बोंड आपलं!

वर्ध्याचे सिग्नेचर शू

जिल्ह्याची स्वतःची ‘सिग्नेचर लाइन’ आहे, माहीत आहे का? हसू नका, पुरावा आहे!

नंबर एक, पुढे आपल्या सेवाग्रामचे झालेल्या बापूंची चप्पल. बापूंचे मित्र हर्मन कॅलनबाख चपला बनवायला शिकून आले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी त्यांच्याकडून ही कला उचलली. मग तुरुंगात एक जोड शिवला आणि १९१४ मध्ये निघताना भेट दिला. कुणाला? ज्यांनी आत टाकलं, त्याच जनरल स्मट्स यांना! स्मट्स यांनी तो कितीतरी उन्हाळे वापरला. १९३९ मध्ये बापूंच्या सत्तरीला लिहिलेल्या लेखात त्यांनी कबुली दिली की, एवढ्या मोठ्या माणसाच्या पादत्राणांत पाय घालायची आपली लायकी नाही. सांगा, याहून भारी फॅन रिॲक्शन कुणाला मिळाली?

नंबर दोन, नालवाडीची चप्पल. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत. अट एकच, चामडं फक्त नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचं. ‘एथिकल फॅशन’चा हॅशटॅग तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता!

नंबर तीन तर स्नीकरच! भूदानयात्रेतली पवनारच्या विनोबांची जुनी छायाचित्रं नीट बघा. अंगावर पंचा आणि पायात कॅनव्हासचे बूट! १९५१ पासून तेरा वर्षं देशभर पायपीट. १९५३ मध्ये ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले ते वेगळंच. कुठल्याही ब्रँड ॲम्बॅसेडरने एवढी टेस्ट ड्राइव्ह घेतली नसेल!

लिलाव, लिलाव!

मार्च २००९, न्यूयॉर्क. गांधीजींच्या चपला, चष्मा, घड्याळ, ताट आणि वाटी असा संच १८ लाख डॉलरला गेला. घेणारे? विजय मल्ल्या! साधेपणाच्या खुणा, आणि बोली ‘किंग ऑफ गुड टाइम्स’ची. आणि २०२३ मध्ये जॉर्डनने १९९८ च्या फायनलमध्ये घातलेला एकच जोड २२ लाख डॉलरला सुटला.

सेवाग्रामच्या बापूकुटीत मात्र सगळे सेम टू सेम. पायात जॉर्डन असो की स्लिपर, काढायची बाहेरच!

ओरडा, फायदा आहे!

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात अस्सल कोल्हापुरी घाटाच्या चपला दिसल्या. वर्णनात लिहिलं होतं, नुसतं ‘लेदर सँडल्स’. कोल्हापूरचं नाव गायब! या चपलेला २०१९ पासून जीआय मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. मग काय, महाराष्ट्राने सोशल मीडियावर असा काही तांबडा-पांढरा ओतला की कंपनीला प्रेरणा कोल्हापूरची असल्याचं मान्य करावं लागलं. डिसेंबरमध्ये तर दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारच झाला. इथले कारागीर, दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो!

तेव्हा राजेहो, पुढच्या सिग्नेचर शूला नावं ठेवायची असतील तर खुसपुसत ठेवू नका. चांगली बोंब ठोका. मिलानपर्यंत ऐकू जाते!