मापाचे विमान

विमानांची गोष्ट निघाली की तीन-चारशे उतारू घेऊन महासागर ओलांडणाऱ्या अजस्र यंत्रांकडे आपले लक्ष जाते. आम्ही येथे विचार करणार आहोत तो त्यांच्या धाकट्या भावंडांचा. मोठे विमान लहान गावी नेले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि रिकामी खुर्ची वाहून न्यायलाही इंधन लागतेच. म्हणून पन्नास ते सव्वाशे उतारूंचे जेट विमान लागते. कॉफीचा देश म्हणून आपण ओळखतो त्या ब्राझीलने अशा विमानांत जगात अग्रस्थान मिळविले, ते कसे?

तेथे कारखान्याच्या आधी विद्यालय निघाले. साओ जोजे दोस काम्पोस ह्या गावी १९५० साली विमानविद्येची उच्च शिक्षणसंस्था उभी राहिली. तिचेच विद्यार्थी असलेले ओझिरेस सिल्वा १९६९ साली स्थापन झालेल्या ‘एम्ब्राएर’ ह्या सरकारी कंपनीचे पहिले प्रमुख झाले. ‘बांदेरांते’ हे पंख्याचे लहान विमान १९६८ सालीच उडाले होते. पुढे तीस आसनांचे ‘ब्राझीलिया’ आले.

मग ठेच लागली. अर्जेंटिनाच्या सहकार्याने १९ आसनांचे ‘व्हेक्टर’ विमान तयार झाले व १९९० साली उडाले. त्याचे पंखे मागच्या बाजूस होते. कल्पकतेत ते कोठेच उणे नव्हते. परंतु किंमत इतकी वाढली की गिऱ्हाईक मिळेना. त्याच सुमारास सरकारी पैसा आटला, हजारो कामगारांची नोकरी गेली, आणि १९९४ च्या डिसेंबरात कंपनी खाजगी मालकांना विकली गेली.

ह्याच पडत्या काळात ‘ईआरजे-१४५’ ची जुळणी चालू होती. ह्या वेळी धोरण निराळे होते. सगळे नवे करण्याऐवजी ‘ब्राझीलिया’च्याच रुंदीची नळी लांबवून तिला जेट एंजिने बसवायची, असे १९८९ साली ठरले. प्रथम एंजिने पंखांच्या वर योजिली. पण वाऱ्याच्या बोगद्यातील प्रयोगांत अपेक्षित गुण दिसेना. मग ती पंखांखाली घेतली. तेव्हा जमिनीपासून अंतर राखण्यासाठी चाकांचे पाय उंच करावे लागले आणि वजन वाढले. शेवटी १९९१ साली ती शेपटीजवळ गेली. स्पेन, बेल्जियम, चिली व अमेरिका येथील कारखान्यांनी आपापल्या भागाच्या खर्चाची जोखीम उचलली. ११ ऑगस्ट १९९५ रोजी विमान उडाले.

पन्नास आसनांच्या ह्या विमानातून ३७ व ४४ आसनांची दोन भावंडे निघाली. नाक, पंख, शेपटी तीच; मधली नळी तेवढी आखूड. त्यामुळे वैमानिकाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही आणि सुटे भागही सामाईक राहतात. पण ह्याला मर्यादा आहे. आखूड विमान मोठ्याचेच पंख व एंजिने वागवते, म्हणून त्यात दर आसनामागे खर्च अधिक पडतो. हे ध्यानी घेऊन पुढच्या ‘ई-जेट’ मालिकेत दोन जोड्या केल्या: १७० व १७५ यांना एक पंख, १९० व १९५ यांना अधिक मोठा. ‘१७०’ हे २००२ साली उडाले. ह्या सर्वांत वाटेच्या दोन्ही अंगांस दोन-दोनच खुर्च्या आहेत. मधल्या खुर्चीत अवघडून बसण्याची पाळी कोणावरच येत नाही.

विमानाचे माप केवळ अभियंता ठरवितो असेही नाही. अमेरिकेतील वैमानिकसंघांनी मोठ्या कंपन्यांशी करार करून प्रादेशिक विमानांवर बंधने घातली आहेत. आपली कामे स्वस्त वेतनाच्या धाकट्या कंपन्यांकडे जाऊ नयेत, हा त्यांचा हेतू. ‘४४’ हा आकडा अशाच करारांतून आला. सुधारलेले ‘ई-१७५-ई-२’ २०१९ साली उडाले. इंधन कमी खाणारे, पण जड एंजिनांमुळे सुमारे ३९ टनांच्या करारमर्यादेपलीकडचे. म्हणून ते विक्रीस येण्याचे लांबले, आणि अधिक इंधन खाणारे जुने ‘१७५’ मात्र खपत राहिले. कामगारांच्या भाकरीचा प्रश्न असा विमानाच्या वजनाला येऊन भिडतो.

दोन्ही कुटुंबांची मिळून अडीच हजारांहून अधिक विमाने बनली आहेत. ‘स्टार एअर’ कंपनीच्या सेवेत ती कोल्हापूर-नांदेडलाही उतरली. आपल्या वायुदलाचे टेहळणी विमान ‘नेत्र’ हेही ‘१४५’ च्याच सांगाड्यावर उभे आहे; त्यातील रडार मात्र भारतीय आहे. म्हणजे विद्या आपल्याकडे नाही असे नाही. तरी सांगाडा बाहेरून घ्यावा लागला. ‘व्हेक्टर’ बुडाले तरी ते बांधणारी माणसे विद्यालयात घडलेली होती, म्हणून एकच विमान तीनदा नव्याने आखण्याचे बळ त्यांच्यात राहिले. असे बळ आयात करता येत नाही. ते एका पिढीने पेरावे आणि दुसरीने कापावे लागते.