एडिटर निवडताय? आधी बाहेर पडायचा रस्ता विचारा!

वेबसाइट बनवायला शिकायचंय? लॅपटॉप तयार, चहा तयार, उत्साह तर उतू चाललाय. पण कोड लिहायचा कशात? हळू विचारा हं! या प्रश्नावर प्रोग्रामर मंडळी जवळपास पन्नास वर्षं हमरीतुमरीवर येतायत.

माहीत आहे का? एका जगप्रसिद्ध एडिटरमध्ये शिरणं सोपं आणि निघणं महाकठीण! नाव 'व्हिम'. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा 'स्टॅक ओव्हरफ्लो' या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा बघितला गेला होता. महाभारताच्या काळी इंटरनेट असतं तर अभिमन्यूही सुटला असता. उत्तर हवंय? एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, एन्टर. केलेले बदल फेकून द्यायचे असतील तर क्यूपुढे एक उद्गारचिन्ह. सुटलात!

याच व्हिममध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं. का? व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्याला बाणांची वेगळी बटणंच नव्हती. बाण छापलेले होते याच चार अक्षरांवर. ते टर्मिनल केव्हाच अडगळीत गेलं, बोटांची सवय मात्र गेली नाही.

आणि व्हिम फुकट असूनही हात पसरतो, बरं का! नुसता उघडलात की पडद्यावर विनंती येते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. ही कर्ते ब्रॅम मोलेनार यांची कल्पना. सॉफ्टवेअरच्या दुनियेतली ही सगळ्यात गोड जाहिरात, असं आपलं माझं मत.

आता विरोधी पक्ष: 'ईमॅक्स'. यात कोड लिहिता येतोच, पण टेट्रिसही खेळता येतं. डोकं फिरलं तर आतच एक 'डॉक्टर' बसलाय, तुमच्या मनाची चौकशी करायला! ईमॅक्सचे जनक रिचर्ड स्टॉलमन तर डोक्यामागे जुन्या डिस्कचं तेजोवलय लावून गमतीत 'संत' बनतात. त्यांच्या लेखी व्हीआय वापरणं पाप नाही, प्रायश्चित्त आहे.

साध्या नोटपॅडला हसू नका! पहिल्या ओळीत 'डॉट लॉग' असं कॅपिटल इंग्रजी अक्षरांत टाकून फाइल सेव्ह करा. पुढच्या वेळी उघडलीत की तारीख-वेळ आपोआप हजर. फुकटात डायरी! पण दुसरी बाजूही ऐका. लिनक्सवर बनलेल्या फाइलमधल्या ओळी कुठे संपतात, हे १९८५ पासूनच्या या बुवांना २०१८ पर्यंत कळतच नव्हतं. सगळा कोड एका ओळीत, लोकलच्या गर्दीसारखा चेपून.

कोडच्या ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस? स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०१७ च्या सर्व्हेत स्पेस दाबणाऱ्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त निघाला! स्पेसमुळेच वाढला, असं काही सिद्ध झालेलं नाही. तेव्हा अप्रेझलच्या आदल्या रात्री स्पेसबार बडवू नका.

'सब्लाइम टेक्स्ट' विकत घ्यायचा एडिटर, पण ट्रायलला मुदतच नाही. अधूनमधून "घेता का?" असं अदबीनं विचारतो, बस्स.

एक किस्सा करुण. कोड साठवायची साइट 'गिटहब', तिनं 'ॲटम' एडिटर काढला, त्यासाठी 'इलेक्ट्रॉन' नावाचा पाया रचला. त्याच पायावर मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये 'व्हीएस कोड' उभा केला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गिटहबच विकत घेतलं आणि २०२२ च्या डिसेंबरात ॲटमचा कारभार आटोपला. पाया ॲटमचा, बंगला व्हीएस कोडचा! २०२४ च्या स्टॅक ओव्हरफ्लो सर्व्हेत चारपैकी जवळपास तिघे तोच वापरत होते.

आणि आता खास मराठी फोडणी. वेबसाइटच्या जावास्क्रिप्ट या भाषेत व्हेरिएबलचं नाव चक्क 'किंमत' ठेवता येतं, देवनागरीत! पण जावास्क्रिप्टला 'श्री'ची लांबी विचारा. उत्तर येतं ४. श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, सगळ्यांची वेगवेगळी हजेरी.

मग घ्यायचा कुठला? नवखे असाल तर डोळे मिटून व्हीएस कोड: फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. सर्व्हरवर काम पडणार असेल तर जोडीला थोडं व्हिम. वर्डमध्ये मात्र कोड लिहू नका. त्याची नक्षीदार अवतरणचिन्हं ब्राउझरला पचत नाहीत.

आजच करून बघा: व्हीएस कोडमध्ये रिकामी एचटीएमएल फाइल उघडा, एक उद्गारचिन्ह टाइप करा आणि टॅब दाबा. पानाचा अख्खा सांगाडा तयार, मराठी अक्षरं शाबूत ठेवणाऱ्या यूटीएफ-८ च्या ओळीसकट!